रमाबाईंचा हट्ट आणि आपला विश्वास

सर्वांना सलाम.

तरुण संघानं मला विषय दिला, ‘शिष्य म्हणून विश्वासात दृढ राहणं’. हा विषय बोलणाऱ्याला फार सोपा जातो. खडक, वादळ, पाया, नांगर अशी चार ठरलेली चित्रं काढायची, मधे एखादं गीत म्हणायचं आणि पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला की चहाला जायचं. ऐकणाऱ्यांनाही त्रास नाही. आज मी तसं करणार नाही. ज्यांची तसबीर आपल्यातल्या कित्येकांच्या घरी आहे, पण ज्यांची पत्रं फारशी कुणी वाचलेली नाहीत, अशा एका बाईंबद्दल मी बोलणार आहे. पंडिता रमाबाई.

त्याआधी वचन बघू. इब्री लोकांस पत्र, अध्याय 10, ओवी 23. “आपण न डळमळता आपल्या आशेचा पत्कर दृढ धरू, कारण ज्याने वचन दिले तो विश्वसनीय आहे.” पाठ आहे ना सगळ्यांना? आता हे कुणाला लिहिलंय ते पाहा. या लोकांची निंदा झाली होती, मालमत्ता लुटली गेली होती. ते याच अध्यायात पुढे येतं. पण बाराव्या अध्यायात लेखक त्यांना सांगतो की रक्त पडेपर्यंत तुम्ही अजून प्रतिकार केलेला नाही. म्हणजे जीव जाण्याची वेळ आली नव्हती. मग त्याला काळजी कसली? पंचविसावी ओवी वाचा. “कित्येकांच्या चालीप्रमाणे आपण आपले एकत्र मिळणे न सोडता...” लोक येईनासे झाले होते. कुणी उभं राहून ‘मी ख्रिस्ताला नाकारतो’ असं म्हणालं नव्हतं. एक आठवडा चुकला, मग महिना चुकला. नंतर फक्त सणाला यायचं, नंतर फक्त लग्नाला. हे चित्र ओळखीचं वाटत असेल तर ते पहिल्या शतकातलं आहे एवढं लक्षात ठेवा. विश्वास बहुतेक वेळा असाच सुटतो. त्याचा आवाज होत नाही.

आता रमाबाई. जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवतात म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतलेला माणूस. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर फिरलं. दुष्काळात आई-वडील गेले. बहीण-भाऊ पायी फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले आणि तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ ही पदवी दिली. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. दोन वर्षंही झाली नाहीत तोच फेब्रुवारी 1882 मध्ये नवराही गेला. मांडीवर मनोरमा. चोवीस वर्षांच्या आत या बाईनं किती मरणं पाहिली, मोजा. त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि 1883 मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. ऐकायला कमी येत होतं म्हणून ती वैद्यकी राहिली. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज गावी, ज्या सिस्टरांच्या मठात त्या उतरल्या होत्या तिथे, माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथवरची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये सांगतो. खरी मजा पुढे आहे.

बाप्तिस्मा झाल्यावर ही बाई गप्प बसेल, शिकवलं ते पाठ करेल, अशी तिथल्या मंडळींची अपेक्षा होती. रमाबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार छापलेला आहे. जमेल त्यानं मिळवून वाचावा. त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या सिद्धांतावर प्रश्न. बिशपांच्या अधिकारावर प्रश्न. अँग्लिकन मंडळीची शिकवण जशी आहे तशी संपूर्ण का स्वीकारायची, हा प्रश्न. बाईंनी 1885 मध्ये स्वच्छ लिहिलं की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, स्वतःचा निर्णय करण्याची ताकद आहे. मोठ्या कष्टानं मी भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी इच्छा नाही.

आणखी दोन लहान गोष्टी सांगतो, कारण माणूस लहान गोष्टींत दिसतो. एक, जेवण. रमाबाई शाकाहारी राहिल्या. सिस्टरांना वाटलं, हा जातीचा अभिमान अजून गेलेला नाही. बाईंनी उलट विचारलं, एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि तिनं आपल्या निरुपद्रवी चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं तिला चालेल का? दुसरी, गळ्यातला क्रूस. त्यावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचं म्हणणं असं की माझ्या देशातल्या माणसाला यातलं काही कळणार नाही, संस्कृत का नको? लॅटिनमध्ये संस्कृतपेक्षा अधिक पवित्र असं काय आहे?

जेराल्डिनबाईंवरही अन्याय नको करायला. त्यांची काळजी खरी होती, आणि आपल्या धर्मकन्येचा विश्वास या सगळ्या वादात वाहून जाईल अशी भीतीही खरी होती. आपल्याकडे एखादा मुलगा बायबल स्टडीत तीन प्रश्न लागोपाठ विचारतो तेव्हा आपले वडीलधारे एकमेकांकडे कसे बघतात, ते आठवा. तीच नजर.

पण वाहून काय गेलं? रमाबाई परत फिरल्या नाहीत. परत फिरायला वाट होती. पुण्यातल्या सुधारकांनी ही विद्वान बाई डोक्यावर घेतली असती. त्या ख्रिस्ताला धरून राहिल्या आणि प्रश्नही विचारत राहिल्या. एका हातानं दुसरा हात सोडवला नाही. यातही गंमत अशी की पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनीच लिहिलं, त्या काळात मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला असं त्यांना वाटलं ते बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. हिशोब बघा. आठ वर्षं ही बाई ज्याला धरून होती तो अजून पुरता सापडलाच नव्हता!

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. शिष्याची दृढता म्हणजे सगळी उत्तरं तयार असणं, हे मला मान्य नाही. योहान 6 मध्ये प्रभू असं काही बोलले की पुष्कळ शिष्य म्हणाले, हे वचन कठीण आहे, कोण ऐकून घेणार? आणि निघून गेले. प्रभूंनी बारा जणांना विचारलं, तुम्हीही जाता का? पेत्र असं म्हणाला का की नाही प्रभू, आम्हांला सगळं नीट समजलंय? तो म्हणाला, “प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार? सार्वकालिक जीवनाची वचने आपल्याजवळ आहेत.” कठीण वचन त्यालाही कठीणच वाटलं असेल. पण तो उठून गेला नाही. आपल्याकडे उलटं झालंय. ज्याला शंका नाही तो खंबीर आणि ज्याला शंका आहे तो कच्चा, असं आपण ठरवून टाकलंय. मला तर कधी कधी वाटतं, ज्याला कधीच प्रश्न पडत नाही त्यानं पुस्तक उघडलंच नसावं.

आता दुसरी बाजू. ती मंडळीबाहेरची.

रमाबाई परदेशातून भारतात परत आल्या आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, उच्चवर्णीय विधवांसाठी. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुढच्या वर्षी सदन पुण्याला गेलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार. अट अशी होती की इथे धर्मप्रचार होणार नाही; मुलींनी आपापला धर्म पाळावा, कुणावर सक्ती नाही. रमाबाईंनी ती अट मान्य केली आणि पाळली. पण स्वतःच्या खोलीत त्या मनोरमेला घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत. आणि त्या खोलीचं दार उघडं असे.

त्या दारावरून रणकंदन माजलं. काही मुली कुतूहलानं दाराशी येऊ लागल्या, मग आत बसू लागल्या. बाईंनी बोलावलं नव्हतं. लोक म्हणाले, मग दार लावून घ्या. बाईंचं म्हणणं पडलं की मी इथल्या मुलींना त्यांच्या धर्माची मोकळीक दिली आहे, तशी मोकळीक मलाही आहे; प्रार्थनेसाठी मी दार लावून बसणार नाही. ‘केसरी’तून टीका झाली. 1893 मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं. पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. जी संस्था उभी करायला त्या अमेरिकाभर व्याख्यानं देत हिंडल्या होत्या, ती एका दारापायी बुडायच्या बेताला आली.

हे दार मला फार महत्त्वाचं वाटतं. बाई हात धरून कुणाला आत ओढत नव्हत्या. तसं केलं असतं तर वचनभंग झाला असता, आणि मी आज त्यांची बाजू घेतली नसती. पण कुणी बघेल म्हणून त्या लपल्याही नाहीत. या दोन्हींच्या मधली जागा अवघड आहे, तिथे उभं राहणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो. पुण्याची मंडळी म्हणत, ही आमच्या मुली बाटवते. मिशनमधली काही मंडळी म्हणत, ही धर्माचं नाव न घेता शाळा चालवते, म्हणजे विश्वासात थंड.

तुमच्या-माझ्यासमोर हेच दार रोज असतं. ऑफिसात डबा उघडताना डोळे मिटून दोन ओळींची प्रार्थना करायची की नाही? नव्या सोसायटीत आडनावावरून कुणी ओळखलं नाही तर सांगायचं की राहू द्यायचं? कॉलेजच्या ग्रुपवर कुणी आपल्या लोकांबद्दल काहीबाही फॉरवर्ड केलं तर? वातावरण कसं आहे ते मी तुम्हांला सांगायला नको. भीती वाटते, आणि भीती वाटणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. संविधानाचं 25 वं कलम आपल्या बाजूला आहे, पण डबा खाताना शेजारी कलम बसलेलं नसतं, सहकारी बसलेला असतो. दार सताड उघडून भाषण ठोकायची गरज नाही. आपलं आपण करत असताना ते लावून घेऊ नये, एवढंच.

आणि घरातलं काय? तिथे मी कवी नारायण वामन टिळकांचं नाव घेतो. 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं, दोघांची ताटातूट झाली. पुढे त्या परत आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. एका छपराखाली ख्रिस्ती नवरा आणि वेगळं शिजवणारी, वेगळं पाणी भरणारी बायको. टिळक तापट होते, ते लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय. पण या एका बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, त्यांच्या स्वतःच्या निर्णयानं. मुलानं चर्चला यावं म्हणून त्याचा मोबाइल काढून घेणाऱ्या वडिलांनी ही पाच वर्षं जरा डोळ्यांसमोर आणावीत.

लूक 9:23 मध्ये वधस्तंभ उचलण्याची आज्ञा आहे, आणि लूकनं तिथे ‘दररोज’ असं लिहिलंय. वाद वगैरे कधीतरी होतात. दररोज काय असतं? काम असतं. रमाबाईंच्या बाबतीत 1896-97 चा दुष्काळ आला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, बायका शेकड्यांनी घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ हे सदन उभं राहिलं. शेती, विहिरी, माग, अंध मुलींचं शिक्षण, आणि छापखाना. या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या बायकाच होत्या. आणि त्यांच्यासाठी मजकूर तयार करत होत्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकलेल्या रमाबाई. मूळ भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणायचं, आणि तेही खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत. जिच्या तोंडी बालपणापासून संस्कृत श्लोक, तिनं जाणूनबुजून साधं लिहायचं ठरवलं. ती भाषा मला काही ठिकाणी खडबडीत वाटते, उपासनेत वाचायला मी आपलं नेहमीचंच भाषांतर घेईन. पण ते काम बारा वर्षांहून अधिक चाललं. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली, हाताशी आलेली एकुलती एक मुलगी. बाईंनी काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आलं.

तरुण संघाच्या सेक्रेटरींनी मला चिठ्ठी पाठवली आहे की वेळ झाली. थांबतो. एक काम मात्र देऊन जातो. उपवासकाळात दर शुक्रवारी तुम्ही जमताच. पहिल्या शुक्रवारी योहान 6 पूर्ण वाचा, मोठ्यानं. मग प्रत्येकानं एकेक प्रश्न कागदावर लिहून आणायचा, जो विचारायची आजवर लाज वाटली असेल असा. नाव लिहायचं नाही. पाळकसाहेबांशी मी आधीच बोललोय. त्यांनी एकच अट घातली आहे, की ज्याचं उत्तर त्यांना येणार नाही तिथे त्यांनी ‘मला येत नाही’ असं म्हटलं तर कमिटीनं त्यावर मीटिंग बोलवायची नाही. कमिटीचे चेअरमन समोरच बसलेत, मान हलवतायत. होकारार्थी आहे असं मी समजतो.