नदीच्या अलीकडे मोर्चा, पलीकडे कारखाना

[जुनं हँडीकॅम फुटेज. समुद्र, नारिंगी लाइफ जॅकेट]

हे जे लोक धडाधड पाण्यात उड्या मारतायत ना, हे कोरियाचे शेतकरी आहेत. भात पिकवणारे. तारीख 13 डिसेंबर 2005, गाव हाँगकाँग, आणि पाण्याच्या कडेला ती मोठी काचेची बिल्डिंग दिसतेय ते कन्व्हेन्शन सेंटर, तिथे आत 149 सदस्यांच्या डब्ल्यूटीओची, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेची, सहावी मंत्री परिषद सुरू झालीय. पोलिसांनी मोर्चा वान चायच्या मालधक्क्यापर्यंतच येऊ दिला, पुढे बॅरिकेड. मग हे म्हणाले, रस्ता बंद ना, पाण्यातून जातो. थंडीचे दिवस, पन्नाशी-साठीची माणसं, आणि पोहत निघालेत मंत्र्यांना भेटायला.

कॅमेरा हलतोय कारण माझा हात हलतोय.

मी तेव्हा वर्धा-यवतमाळकडे कापूस शेतकऱ्यांसोबत काम करत होते. 2004 च्या जानेवारीत मुंबईला गोरेगावात वर्ल्ड सोशल फोरम, म्हणजे जगभरच्या चळवळींचा मेळावा, भरला होता, तिथे ज्या ओळखी झाल्या त्यांच्याच जोरावर इथवर आले. भारतीय पासपोर्टला हाँगकाँगला तेव्हा 14 दिवस व्हिसा लागायचा नाही, चीनचा मात्र वेगळा काढावा लागायचा, तो मी काढूनच निघाले होते कारण मला नदीपलीकडे, चीनमधल्या शेनझेनला, जायचंच होतं.

आता कापसाचा हाँगकाँगशी काय संबंध, तर सांगते. त्या हंगामात आमच्याकडे रडारड होती. आदल्या वर्षी राज्य सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीत बोनस धरून क्विंटलला 2500 रुपये मिळाले होते, 2005 ला राज्य सरकारने बोनस बंद केला आणि लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव उरला 1980. बीटी बियाण्याची 450 ग्रॅमची थैली सोळाशे-अठराशेला. गावात दर आठवड्याला कुठून तरी आत्महत्येची बातमी. आणि तिकडे अमेरिकेत साधारण 25 हजार कापूस शेतकरी, त्यांना सरकार वर्षाला अब्जावधी डॉलर देतं, जगात भाव पडला की तिकडे अनुदान वाढतं, त्यामुळे त्यांचा पेरा काही कमी होत नाही, तो स्वस्त कापूस बाजारात येतो आणि भाव अजून पडतो. हे फक्त आम्हीच म्हणत होतो असं नाही, बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे आफ्रिकेतले चार गरीब देश 2003 पासून डब्ल्यूटीओत हेच ओरडून सांगत होते.

तरी एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगायची आहे. आपल्याकडे डंकेल प्रस्तावावरून, म्हणजे ज्या मसुद्यातून पुढे डब्ल्यूटीओ उभी राहिली त्यावरून, नव्वदच्या दशकात घराघरात भांडणं झालीत, कर्नाटकचे शेतकरी नेते नंजुंडस्वामी विरोधात, आपल्या शेतकरी संघटनेचे शरद जोशी खुल्या बाजाराच्या बाजूने, आणि जोशींचं म्हणणं होतं की आपलंच सरकार शेतकऱ्याला उणे सबसिडी देतं, म्हणजे भाव मुद्दाम पाडून ठेवतं. ते काही खोटं नव्हतं. निर्यातबंदी आपल्याच दिल्लीने लावलेली असते. मला म्हणून नुसत्या 'डब्ल्यूटीओ मुर्दाबाद'ने समाधान होत नव्हतं, हा पैसा नक्की कुठे जातो आणि कुणाच्या अंगावरून जातो ते मला बघायचं होतं.

[व्हिक्टोरिया पार्क. ढोल, झेंडे]

कोरियन लोकांमागे एक नाव सारखं होतं, ली क्युंग-हे. 10 सप्टेंबर 2003 ला मेक्सिकोत कानकूनच्या परिषदेबाहेर या शेतकऱ्याने बॅरिकेडवर चढून स्वतःचा जीव दिला होता, गळ्यात पाटी होती की डब्ल्यूटीओ शेतकऱ्यांना मारतं. त्यामुळे हाँगकाँगचे पेपर आधीपासूनच भीती घालत होते, दंगल होणार, दुकानं फुटणार. फुटपाथच्या विटा कुणी उचलून मारू नयेत म्हणून त्या सिमेंटने चिकटवून टाकल्या होत्या! शटर खाली, शाळा बंद.

आणि मग 15 तारखेला हे बघा. तीन पावलं चालायचं आणि गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचं, परत उठायचं, तीन पावलं, परत कपाळ जमिनीला. आपल्याकडे नवस फेडायला लोटांगण घालत देवळात जातात ना, तसंच. व्हिक्टोरिया पार्कपासून निघून डांबरी रस्त्यावरून शेकडो माणसं, एका तालात. आदल्या दिवशी घाबरलेली हाँगकाँगची माणसं त्या दिवशी फुटपाथवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. एक म्हातारी बाई पाण्याच्या बाटल्या घेऊन आली, काही बोलली नाही, वाटत गेली.

मोर्चात माझ्या शेजारून चालायच्या त्या इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या बायका. हाँगकाँगमध्ये तेव्हा अशा दोन लाखांवर बायका घरकामाला होत्या. मालकाच्याच घरात राहायचं, आठवड्यातून एक सुट्टी. त्यातल्या कित्येकींचं घर शेतीचं, तिकडे शेतीत भागत नाही म्हणून इकडे भांडी घासायला आलेल्या. त्या माझ्याकडे बघून हसायच्या, 'इंडिया?' विचारायच्या, मी 'कॉटन' म्हणायचे, त्या 'राइस' म्हणायच्या, बास, एवढ्यावर मैत्री.

17 ला मात्र बिघडलं. संध्याकाळी वान चायमध्ये पोलीस आणि आंदोलक भिडले, पेपर स्प्रे, अश्रुधूर, आणि शेवटी ग्लोस्टर रोडवर बसलेल्या नऊशेच्या आसपास लोकांना रात्रभर थंडीत घेरून धरलं आणि ताब्यात घेतलं. मोर्चाचं फुटेज इथे संपतं, कारण मी कॅमेरा बॅगेत टाकून पळाले. गुन्हा दाखल झाला तो 14 जणांवर, आणि त्यातल्या बहुतेकांवरचे आरोप पुढे काही महिन्यांत मागे घेतले गेले.

18 ला परिषदेचा जाहीरनामा आला. शेतमालावरची निर्यात अनुदानं 2013 पर्यंत बंद, श्रीमंत देशांची कापसावरची तर 2006 मध्येच. आपले तेव्हाचे वाणिज्यमंत्री कमलनाथ समाधानी दिसत होते. पण अमेरिका कापसाला जो पैसा देते त्यातला मोठा भाग निर्यात अनुदान नाहीच, तो देशांतर्गत अनुदान म्हणून जातो, आणि त्याबद्दल फक्त चर्चा करू असं लिहिलं होतं.

[लोकल ट्रेनची खिडकी. लो वू]

लो वू स्टेशनला उतरलं की एक छोटी नदी लागते, शेनझेन नदी. पूल चालत ओलांडायचा, शिक्के मारून घ्यायचे आणि पलीकडे शेनझेन. मोर्चा झाला त्या जागेपासून तासाभराचा प्रवास.

पुलावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. परिषदेच्या आठवडाभर आधी, 6 डिसेंबरला, शेनझेनच्याच ग्वांगडोंग प्रांतात शानवेइजवळच्या डोंगझोऊ गावात वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला मागणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला होता. सरकार म्हणालं तीन मेले, गावकरी म्हणत होते जास्त. हाँगकाँगमध्ये जगभरचे कॅमेरे, आणि या गावाकडे जायचा रस्ताच बंद. चीनच्या सरकारचाच आकडा आहे, 2004 मध्ये देशभर 74 हजार अशा सामूहिक घटना, म्हणजे मोर्चे, संप, दंगे सगळं धरून.

शेनझेनमध्ये मला जे भेटले त्यांची नावं मी घेणार नाही, चेहरेही ब्लर केलेत, कारण समजून घ्या. एका कामगार केंद्रातल्या मुली होत्या, त्या हॉस्पिटलात जाऊन मशीनमध्ये बोटं गेलेल्या कामगारांना भेटायच्या, नुकसानभरपाईचा अर्ज कसा करायचा ते शिकवायच्या. शेनझेनमध्ये 1993 च्या नोव्हेंबरला झिली खेळणी कारखान्याला आग लागली होती, दारांना कुलपं, खिडक्यांना गज, 87 कामगार गेले, बहुतेक गावाकडून आलेल्या तरुण पोरी. त्या आगीनंतर ही असली केंद्रं हळूहळू उभी राहिली.

एकीने मला तिच्या खोलीवर नेलं. दुमजली लोखंडी पलंग, वरच्या बारवर वाळत घातलेले कपडे, प्रत्येकीला एक पडदा. ती हुनान प्रांतातली, कपडे शिवायच्या कारखान्यात. शेनझेनच्या विशेष आर्थिक झोनच्या आत किमान पगार तेव्हा महिन्याला 690 युआन होता, झोनच्या बाहेर 580, आणि तिचा कारखाना बाहेर. पहिल्या महिन्याचा पगार मालक अडकवून ठेवतो म्हणजे मुलगी पळून जात नाही. हुकोऊ, म्हणजे नोंदणी, गावाची, त्यामुळे उद्या मूल झालं तर शहरातल्या सरकारी शाळेत सहज प्रवेश नाही.

दुभाषी मुलीमार्फत तिने मला विचारलं, तुमच्याकडे शेतसारा किती? मी म्हटलं, सारा नावापुरता, पण कर्ज आहे. ती म्हणाली आमच्याकडे उलटं, गावचे अधिकारी साऱ्यावर वरून इतक्या फिया लावायचे की वडलांनी शेवटी मलाच पाठवलं. (1 जानेवारी 2006 पासून चीनने शेतीकर देशभरातून काढला, हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.) मग सोयाबीनचा विषय निघाला, दुभाषी मुलगी ईशान्य चीनमधल्या हेइलोंगजियांगची होती, तिच्या घरी सोयाबीन. डब्ल्यूटीओत शिरताना चीनने सोयाबीनवर फक्त 3 टक्के आयातकर कबूल केला. 2000 ला वर्षाला साधारण 1 कोटी टन यायचं, 2005 ला अडीच कोटींच्या वर, अमेरिका आणि ब्राझीलमधून. वऱ्हाडात, मराठवाड्यात सोयाबीन लावणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि कापूस? चीन तेव्हा जगात सगळ्यात जास्त कापूस आयात करत होता, आणि नेमक्या त्याच हंगामापासून आपलाही कापूस तिकडे मोठ्या प्रमाणात जायला लागला. म्हणजे यवतमाळच्या यार्डातून तोटा खाऊन विकलेली गाठ आणि महिना 580 वर शिवणारी पोर, दोघं एकाच शर्टात, आणि दोघांनाही त्या शर्टाची किंमत माहीत नाही. भारतात आम्ही म्हणत होतो चायनाने आमची कामं खाल्ली. त्या पलंगावर बसून हे वाक्य माझ्या तोंडून येईना.

पुढचं पटकन सांगते. 2006 च्या जुलैत दोहा फेरीच्या, म्हणजे डब्ल्यूटीओत तेव्हा चालू असलेल्या, वाटाघाटी थांबवल्या गेल्या. त्याच महिन्याच्या सुरुवातीला मनमोहन सिंगांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आणि 17 मे 2010 ला ग्वांगडोंगमध्येच, फोशानच्या होंडा गिअरबॉक्स कारखान्यात पोरापोरींनी संप केला, होंडाचे चीनमधले सगळे गाडी जोडायचे प्लांट ठप्प झाले आणि पगार महिना 500 युआनच्या आसपास वाढवून घेतला! मी ती बातमी वाचून घरात ओरडले होते.

2015 च्या डिसेंबरात नैरोबीला डब्ल्यूटीओने शेतमालाची निर्यात अनुदानं संपवायचा निर्णय केला, म्हणजे हाँगकाँगच्या आश्वासनाला दहा वर्षं. त्याच महिन्यात ग्वांगडोंगमधल्या कामगार केंद्रांवर धाडी पडल्या, कार्यकर्ते पकडले गेले. आणि कापसाच्या देशांतर्गत अनुदानाचा विषय, ज्यासाठी ते चार आफ्रिकन देश 2003 पासून भांडतायत, तो अजूनही सुटलेला नाही.