स्केच आणि शिलाई यांच्या मधलं टेबल

फॅशन डिझाइनचा कोर्स करावा की शिवणकामाचा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात एक उतरंड आधीच पक्की असते. डिझाइन वर, शिवण खाली. एकाने डोकं चालवायचं, दुसऱ्याने हात. संस्थांनीही हे मुकाट मान्य करून टाकलंय. एका खोलीत स्केचबुकं, रंग, भिंतीवर चिकटवलेली कात्रणं; दुसऱ्या खोलीत मशीनची घरघर. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की या विद्येतलं खरं शिक्षण या दोन खोल्यांच्या मधल्या टेबलावर होतं आणि बहुतेक छोट्या अभ्यासक्रमांत नेमकं ते टेबलच नसतं. ते टेबल पॅटर्नचं.

समोर बसलेल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक आहे, तरी नव्यांसाठी सांगते. कापड सपाट असतं, अंग सपाट नसतं. सपाट कापडाचे असे तुकडे करायचे की जोडल्यावर ते खांद्यावर बसतील, छातीवर उठतील, कमरेत आत जातील आणि शिवाय घालणाऱ्याला हात वर करता येईल, खाली वाकता येईल. हे तुकडे आधी कागदावर काढतात, तो पॅटर्न. कागदावर चुकलं तर कागद फाटतो, कापडावर चुकलं तर खिसा फाटतो.

डिझाइनच्या वर्गात काय होतं बघा. फॅशनच्या चित्रातली आकृती साधारण नऊ डोकी उंच काढायची पद्धत आहे. जिवंत माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास भरतो. म्हणजे दीड डोक्याची लबाडी चित्रातच असते आणि ती बहुतेक सगळी पायांत घातलेली असते. चित्र म्हणून ती शोभते, माझी तक्रार नाही. पण त्या चित्रातला स्कर्ट जेव्हा खऱ्या पायांवर येतो तेव्हा तो गुडघ्याला नको तिथे कापतो आणि चित्र काढणाऱ्याला कळत नाही की बिघडलं कुठे. त्याला विचारा, हा स्कर्टचा घोळ कुठून काढलास? चेन कुठे येणार? डोकं गळ्यातून जाणार कसं? उत्तर येतं, ते मास्तर बघतील, मास्तर म्हणजे शिंपी. मग खरं डिझाइन कोणी केलं, हे तुम्हीच ठरवा.

शिवणाच्या वर्गात उलटा प्रकार. तिथे वहीत सूत्रं उतरवून देतात. छातीचा चौथा भाग अधिक इतकं, खांद्याचा निम्मा, मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या कापाची, खोली अमुक. सूत्र वाईट नसतं, पिढ्यांच्या अनुभवाने ते बसलेलं असतं. पण ते सरासरी अंगासाठी असतं. समोर खांदे पुढे झुकलेला, पाठ किंचित गोल झालेला माणूस उभा राहिला की वही गप्प बसते. कॉलर मानेमागून उभी राहते, पुढचा भाग लोंबतो, आणि शिकाऊ मुलगी गोंधळून पुन्हा तीच मापं घेते. मापं बरोबरच असतात. पाठीचा तुकडा उंचीला वाढवायचा आणि पुढचा तेवढा कमी करायचा, हे तिला कोणी दाखवलेलंच नसतं.

बाही घेऊ, कारण खरी परीक्षा तिथेच होते. बाहीचा वरचा गोल आणि अंगाचा मुंढा, दोन्ही टेप उभा धरून मोजा. बाहीचा गोल मोठा निघतो. चांगल्या बसणाऱ्या कोटात हा फरक अडीच ते चार सेंटिमीटरपर्यंत असतो, साध्या शर्टात जेमतेम, ताणल्या जाणाऱ्या होजिअरीच्या कापडात जवळजवळ शून्य. नुसती शिवण शिकलेला माणूस हे मोजतो आणि म्हणतो, कटिंग चुकलं. मग एक तर जास्तीचं छाटून टाकतो, नाहीतर चुण्या घालून ते मुंढ्यात कोंबतो. छाटलं तर हात पुढे नेताना दंड आवळतो. चुण्या घातल्या तर खांद्यावर नको असलेला फुगा येतो. वास्तविक ते कापड खांद्याच्या हाडाच्या गोलाईसाठी मुद्दाम ठेवलेलं असतं. त्याला जिरवायचं असतं. बाहीच्या गोलावर, शिलाईच्या रेषेलगत, मोठ्या टाक्याच्या दोन ओळी मारायच्या आणि दोरे हलके ओढायचे, चुणी दिसणार नाही इतपत. मग वाफेच्या इस्त्रीने ती उठलेली कड बसवायची. लोकरीचं कापड वाफेवर छान जिरतं. घट्ट विणीचं पॉलिस्टर अजिबात ऐकत नाही, त्याच्यासाठी पॅटर्नमध्येच गोल कमी करून घ्यावा लागतो.

अजून मशीनला हात लावायचा नाही. बाहीची एक खाच, म्हणजे जुळणीसाठी कडेला दिलेला छोटा काप, पुढच्या मुंढ्याच्या एका खाचेला, मागच्या दोन खाचा मागच्या दोनांना, माथ्यावरची खूण खांद्याच्या शिलाईला. टाचण्या लावून बाही डमीवर किंवा अंगावर चढवायची आणि हात सहज सोडून द्यायला सांगायचं. दंडावर कापडाचा उभा धागा ओळंब्यात खाली येतोय का? समोरून तिरक्या सुरकुत्या पडत असतील तर बाही थोडी पुढे फिरवून बघायची. माणसाचा हात सरळ खाली लोंबत नाही, किंचित पुढे झुकलेला असतो, आणि प्रत्येकाचा वेगळा. सुरकुत्या गेल्या की टाचणी पक्की. त्यानंतरची टीप म्हणाल तर दोन मिनिटांचं काम. या सगळ्यात किती भाग शिवणाचा आणि किती डिझाइनचा, हे मला कोणी वेगळं करून दाखवावं.

ही ताटातूट झाली कशी, याला थोडा इतिहास आहे. फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिए याने 1830 मध्ये साखळी टाक्याच्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. त्याची यंत्रं सैन्याचे गणवेश शिवू लागली तेव्हा पोटावर पाय येणार म्हणून शिंप्यांनी ती फोडून टाकली. पुढे अमेरिकेत इलायस हाउचं पेटंट 1846 चं, आयझॅक सिंगरचं 1851 चं. त्यानंतर यंत्र थांबलं नाही. आणि 1863 मध्ये एबेनेझर बटरिक या अमेरिकन शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे तयार कागदी पॅटर्न विकायला काढले. तोवर घरगुती शिवणाऱ्यांना मिळणारे पॅटर्न एकाच मापाचे असत, ते आपल्या अंगाला बेतायचं कसब ज्याचं त्याने लावायचं. बटरिकने लाखो घरांची सोय केली यात शंका नाही. पण सोयीबरोबर एक सवयही आली. आकार दुसऱ्याने काढायचा, आपण रेषेवरून शिवायचं. कारखान्याने हीच सवय पुढे नेली आणि प्रशिक्षणाने ती अभ्यासक्रमात घालून टाकली.

गंमत अशी की ज्यांची नावं डिझाइनच्या वर्गात भिंतीवर लावतात, ती माणसं या मधल्या टेबलावरच वाढली. माद्लेन व्हिओने लहान वयात शिवणकामाला लागली. पुढे ती छोट्या लाकडी पुतळीवर कापड लपेटून, वळवून, टाचून कपडे रचायची, आणि उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं धरलेलं, कापड अंगावर कसं ओघळतं हे तिच्याइतकं कोणी ओळखलं नसेल. क्रिस्तोबाल बालेन्सियागाची आई शिवणकाम करायची, तो स्वतः पोरवयात शिंप्याकडे उमेदवारीला होता. अलेक्झांडर मॅक्वीनने शाळा सोडली ती लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर कोट शिवायला. यातल्या कोणीही 'ते मास्तर बघतील' असं म्हटलं नसतं.

आता उरेबचा विषय निघालाच आहे तर कापडाबद्दल बोलते. वर्गात पहिल्या आठवड्यात मशीन देऊ नका, कापड द्या. किनारीला समांतर ओढून बघायला सांगा, ते फारसं ताणलं जात नाही. आडवं ओढा, थोडं सुटतं. मग पंचेचाळीस अंशांत धरून ओढा. तेच कापड रबरासारखं लांबतं आणि मधून अरुंद होतं. उरेब स्कर्ट शिवला की लगेच खालची दुमड घालायची नाही, तो एक-दोन दिवस टांगून ठेवायचा, ते यामुळेच. घोळ जागोजागी कमी-जास्त उतरतो. तो उतरल्यावर जमिनीपासून माप घेऊन खालची कड सारखी कापायची. हे हाताने एकदा अनुभवलं की पॅटर्नवरची उभ्या धाग्याची बाणाची खूण मुलं कधी विसरत नाहीत. नाहीतर कापड वाचवायच्या नादात तुकडा थोडा तिरका ठेवतात आणि पँटचा एक पाय धुतल्यावर आतल्या बाजूला पिळून फिरतो.

धुण्यावरून आठवलं. कापायच्या आधी कापडाचा मोजून घेतलेला चौकोन पाण्यातून काढून, वाळवून पुन्हा मोजायचा, हे सांगायचा मला कंटाळा येत नाही. सुई आणि दोऱ्याचं तसंच. नव्वद नंबरची सुई म्हणजे 0.9 मिलिमीटर जाडीची. ती पातळ रेशमात घातली तर भोकं राहतात, तिथे साठ-सत्तरची लागते. होजिअरीला गोल टोकाची सुई, म्हणजे ती धागा तोडत नाही, बाजूला सारून जाते. टाके सुटतात म्हणून मुलं मशीनच्या नावाने बोटं मोडतात आणि बिचारी सुई बदललेली नसते. एवढं पुरे, बाकी मशीन स्वतःच शिकवते.

कारखान्यात नोकरी हवी असणाऱ्यांनी मला नेहमी अडवलंय. त्यांचं म्हणणं, बाई, तिथे एकच काम दिवसभर करायचं असतं, कॉलर तर कॉलर, पॅटर्नचं काय करू? बरोबर आहे. औद्योगिक मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके मारू शकतं, एक शर्ट कितीतरी कामांत वाटलेला असतो आणि प्रत्येक कामाचा वेळ मिनिटाच्या भागांत मोजलेला असतो. वेग यायलाच हवा आणि त्याचा सरावही वर्गात व्हायला हवा. पण कॉलरवाल्याला कॉलर मानेवर का बसत नाही हे कळत असेल, तर तो उद्या तपासणीला जातो, परवा सॅम्पल विभागात. सॅम्पल शिवणाऱ्याला अख्खा कपडा एकट्याने उभा करता यावा लागतो. न कळणारा कॉलरच लावत राहतो आणि डोळे अधू होईतो लावतो. नुसत्या वेगाचं प्रशिक्षण देऊन पाठवणं म्हणजे माणसाला त्याच खुर्चीला बांधून देणं. हे मी जरा कडक बोलते आहे याची मला कल्पना आहे.

पुढची पायरी ग्रेडिंगची. एका मापाचा पॅटर्न मोठ्या मापात न्यायचा म्हणजे झेरॉक्स मोठी काढायची नव्हे. छाती चार सेंटिमीटरने वाढली तर ती चार पाव भागांत एकेक सेंटिमीटर वाटली जाते, पण खांदा आणि गळा तेवढे वाढत नाहीत. जाड माणसाची मान काही छातीच्या प्रमाणात रुंद होत नाही. लांबीचं गणित तर आणखी वेगळं. हे न कळता सगळीकडून सारखं वाढवलं की मोठ्या मापाच्या कपड्याचा गळा खांद्यावरून घसरतो, आणि ग्राहक स्वतःच्या अंगाला दोष देतो.

संगणकाबद्दल विचारणार आहात, म्हणून आधीच सांगते. पॅटर्नचं सॉफ्टवेअर जरूर शिकवा. ग्रेडिंग मिनिटांत होतं, कापडावर तुकडे कमी जागेत बसवून देतं, पडद्यावरच्या पुतळ्याला कपडा चढवूनही दाखवतं. कपड्याच्या खर्चात कापडाचा वाटा सर्वांत मोठा असतो, त्यामुळे तुकडे चतुराईने मांडण्याला मोल आहे. पण मूळ पॅटर्न वाकडा असेल तर सॉफ्टवेअर तो वाकडेपणा सगळ्या मापांत इमानेइतबारे पोचवतं. आधी कागद, पट्टी, पेन्सिल आणि कोरं स्वस्त सुती कापड. त्यावर कच्चा कपडा शिवायचा, घालून बघायचा, अंगावरच पेनने खुणा करायच्या, उसवायचा, कागद सुधारायचा. उसवण्याला वेळापत्रकात तास नसतो, हे मला सर्वांत खटकतं. उसवण शिक्षा म्हणून दिली जाते. ती रोजच्या कामाचा भाग म्हणून शिकवली पाहिजे. कापडाला ओढ न देता, दर तिसरा-चौथा टाका कापून, दोरा मागून सुटा काढायचा. नीट उसवलेला तुकडा पुन्हा वापरता येतो.

परीक्षकांसाठी एक सूचना आहे. टांगलेल्या कपड्याला गुण देऊ नका. हँगरला खांदे नसतात, त्यावर सगळंच बरं दिसतं. ज्याच्या मापाने शिवलंय त्याला तो कपडा घालायला लावा. खुर्चीत बसवा, दोन्ही हात वर करायला सांगा, खाली पडलेली पेन्सिल उचलायला सांगा. मग कपडा उलटा करून आतून बघा. माया, म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, सगळीकडे सारखी सोडलीय का, कडा उसवणार नाहीत अशा बांधल्यात का, पुढे माप वाढवायचं झालं तर जागा आहे का.

आणि कोर्स निवडायला निघालेल्यांनो, तुम्हीही हेच करा. प्रवेश घ्यायच्या आधी आधीच्या तुकडीने शिवलेला एखादा कपडा मागा आणि तिथेच उलटा करा. वर्गात डमी किती, आणि त्या वेगवेगळ्या मापांच्या आहेत का, हे विचारा. पॅटर्नला आठवड्यात किती तास आहेत, ते वेळापत्रक काढून दाखवा म्हणा. स्वतःच्या नसलेल्या अंगासाठी कपडा बेतायला किती वेळा मिळेल, हेही विचारा. मैत्रिणीचं, आजोबांचं, चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाचं. बसून असणाऱ्यासाठी पँट बेतायची तर मागची उंची वाढवावी लागते, पुढची कमी करावी लागते आणि मागचे खिसे काढून टाकावे लागतात, कारण ते टोचतात. या प्रश्नांना सरळ उत्तरं देणारी संस्था छोटी असली, तिचं माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेलं नसलं, तरी तिथे नाव घाला. आता तुमचे प्रश्न घेते, आणि कोणी शिवलेलं काही आणलं असेल तर ते या टेबलावर ठेवा, आपण उलटं करून बघू.