एकदाच चालणारी सिरिंज! लसीकरणात हीच का वापरतात?

नमस्कार मंडळी! ही सिरिंज बघा, दिसायला अगदी साधी, आता दट्ट्या मागे ओढला, पूर्ण पुढे दाबला, आणि परत ओढायला गेलो तर... नाही, हलतच नाही, आणखी जोर लावला तर काही सिरिंजमध्ये दट्ट्याच मोडतो. हिला म्हणतात ऑटो डिसेबल, थोडक्यात एडी सिरिंज.

आत फार काही नसतं हो. काही प्रकारांत नळीत धातूची छोटी क्लिप असते, ती दट्ट्याला पुढे जाऊ देते पण परत मागे ओढलं की तिचे दात नळीच्या भिंतीत रुततात, बस. बहुतेक लसींसाठी डोसही ठरलेला, ०.५ मिली, त्यापेक्षा जास्त भरताच येत नाही.

आता एवढा खटाटोप कशाला? कारण सिरिंजा परत वापरल्या जायच्या. समोर मुलांची रांग, साठा संपत आलेला, उकळायला वेळ नाही, मग तीच सिरिंज पुढच्या दंडात. आत राहिलेलं रक्त डोळ्यांना दिसत नाही, पण हेपटायटिस बी पसरायला तेवढं पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की २००० या एका वर्षात दूषित इंजेक्शनांमुळे २ कोटी १० लाख लोकांना हेपटायटिस बी झाला, २० लाखांना सी, आणि २ लाख ६० हजारांना एचआयव्ही. यातली बहुतेक इंजेक्शनं लसीची नव्हती, औषधाची होती, हेही सांगायला हवं. पण लस तर धडधाकट बाळाला देतात, तिथे हा धोका कोण पत्करेल? म्हणून १९९९ मध्ये या संघटनेने युनिसेफ वगैरेंसोबत जाहीर केलं की २००३ संपेपर्यंत सगळ्या देशांनी लसीकरणात फक्त एडीच वापरायची.

एक गंमत सांगतो. साध्या सिरिंजने औषध काढताना आधी हवा ओढून बाटलीत सोडायची सवय असते ना, एडीमध्ये ती केलीत तर सिरिंज तिथेच बाद! त्यामुळे ट्रेनिंगमध्ये हे पुन्हा पुन्हा घोकून घेतात. टोचून झालं की टोपण परत लावायचं नाही, कारण सुई बोटात घुसते ती बऱ्याचदा तेव्हाच, सरळ सेफ्टी बॉक्समध्ये टाकायची आणि तो बॉक्स पाऊण भरला की बंद.

पण माझ्या मते खरी ढिलाई होते ती दुसरीकडे. गोवराची लस पावडर असते, ती पातळ करायला वेगळी, मोठी सिरिंज लागते. २०१७ मध्ये दक्षिण सुदानच्या एका मोहिमेत ही एकच सिरिंज चार दिवस बाटलीमागून बाटलीत वापरली, लस थंडही ठेवली नव्हती, आणि १५ मुलं गेली. आता मिसळायच्या सिरिंजाही एका वापरानंतर बाद होणाऱ्या मिळतात, आणि मोहिमेची ऑर्डर देताना नेमक्या त्याच विसरतात राव.