कात्रीत न मावणारी बोटे

शिवणयंत्रावर ठेवलेली ही कात्री तेरा वर्षांपूर्वी घेतलेली आहे. जत तालुक्यातील या ताई तिनेच गावातील ब्लाउजांचे कापड बेतत असत. आज त्यांचा अंगठा तिच्या कडीत शिरत नाही. शेजारच्या डब्यात सव्वादोनच्या बांगड्या आहेत, तर हाताला आता अडीचच्याही घट्ट होतात. पायातील जोडवी सोनाराला पकडीने कापून काढावी लागली, तेव्हा घरच्यांनी एवढेच म्हटले की ताई अंगाने भरल्या.

लग्नाच्या अल्बममधील हा चेहरा आणि आत्ताचा चेहरा शेजारी ठेवून पाहावा. कपाळ आणि जबडा पुढे आले आहेत, ओठ जाड झाले आहेत आणि दातांमध्ये फटी पडल्या आहेत. रोज पाहणाऱ्याला हे दिसत नाही, कारण बदल वर्षानुवर्षे संथपणे होत जातो.

त्याचे मूळ नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी असलेल्या हाडाच्या खोबणीत आहे. तेथील पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी जेमतेम हरभऱ्याएवढी असते आणि तिचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम भरते. ताईंच्या ग्रंथीत गाठ झाली होती. ती कर्करोगाची नव्हती, परंतु वाढीचे संप्रेरक (हार्मोन) अखंड पाझरत होती. वाढत्या वयात हे घडले असते तर उंची वाढली असती. प्रौढपणी लांब हाडांची वाढ थांबलेली असल्यामुळे हात, पावले, जबडा आणि जीभ रुंदावत जातात. फ्रेंच डॉक्टर पिएर मारी यांनी १८८६ मध्ये या आजाराला ॲक्रोमेगली हे नाव दिले.

बोटांना मुंग्या येत, म्हणून एका डॉक्टरांनी मनगटावर उपचार केले. घाम फार येई, त्याला पाळी जाण्याचे वय कारण ठरले. साखर वाढली, तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. प्रत्येकाचे निदान आपापल्या जागी पटण्यासारखे होते, मात्र सगळे कागद एकत्र मांडून कोणी पाहिले नव्हते.

ते पाहिले मिरजेतील एका नेत्रतज्ज्ञांनी. बाजूने येणारी सायकल दिसत नाही, या तक्रारीवर चष्म्याचा नंबर न बदलता त्यांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी केली. हा तिचा कागद: दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू काळ्या आहेत. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा या ग्रंथीच्या अगदी वर एकमेकींना छेदतात आणि गाठ खालून त्यांनाच दाबत होती. एमआरआयमध्ये ती २२ मिलिमीटरची भरली. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ मोठी समजली जाते.

यानंतर एका शहरातील शल्यचिकित्सकांनी केवळ एमआरआयची फिल्म पाहून शस्त्रक्रियेची तारीख दिली. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या भाच्याने विचारले, "रक्तात संप्रेरके तपासायची नाहीत का?" हा प्रश्न या आजारात पहिल्याच दिवशी विचारायला हवा. गाठ प्रोलॅक्टिनची, म्हणजे दूध येण्याशी संबंधित संप्रेरक पाझरणारी असेल, तर बहुतेक वेळा ती गोळ्यांनीच आकसते. आणि शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे ताण पेलायला मदत करणारे संप्रेरक, कमी असताना भूल देणे धोक्याचे असते.

परळच्या सार्वजनिक रुग्णालयातील या खोलीत अंतःस्रावतज्ज्ञ, म्हणजे संप्रेरकांचे डॉक्टर, आणि मेंदूचे शल्यचिकित्सक एकाच टेबलाशी बसून एकच फाईल वाचत आहेत. शोधायचे होते ते हे टेबल. ताईंना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तास दर अर्ध्या तासाने रक्त घेतले गेले. निरोगी माणसात एवढ्या साखरेने वाढीचे संप्रेरक खाली येते. ताईंचे आले नाही. इतर संप्रेरकांचे अहवाल हाती आल्यावरच तारीख ठरली. असल्या शस्त्रक्रिया आपण किती करता, असे भाच्याने शल्यचिकित्सकांना विचारले, आणि त्यांनी न रागावता उत्तर दिले.

पडद्यावर दिसणारा हा गुलाबी बोगदा म्हणजे नाकपुडीची आतील बाजू. जेमतेम ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत आहे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ ती हलू न देता धरून आहेत. नाकातून या ग्रंथीपर्यंत जाण्याची वाट १९०७ मध्ये इन्सब्रुक येथे हर्मान श्लोफर यांनी प्रथम चोखाळली; तेव्हा अशी दुर्बीण नव्हती. समोरचे पातळ हाड काढले जाते, आवरण उघडते आणि मऊ, करडी गाठ हलकेच खरवडून बाहेर येते. डावीउजवीकडे मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या आहेत, त्यामुळे येथे हातांना घाई चालत नाही. शेवटी नाकातील अस्तराचाच एक तुकडा वळवून ही वाट बुजवली जाते.

या ग्रंथीवरील शस्त्रक्रियेनंतर शरीरातील पाण्याचा तोल बिघडू शकतो, म्हणून पुढचे काही दिवस लघवी मापून लिहून ठेवली गेली आणि रक्तातील सोडियमवर लक्ष राहिले. बाजूची सायकल आता दिसते, साखरेच्या गोळ्या कमी झाल्या, बोटांची सूज उतरली. जबडा मात्र आहे तसाच राहणार आहे. धमनीला चिकटलेला गाठीचा थोडा भाग काढता आला नाही, त्यासाठी दर २८ दिवसांनी इंजेक्शन घ्यावे लागते.

ताईंनी नवी कात्री घेतली आहे, मोठ्या कड्यांची. तीन महिन्यांनंतरच्या रक्ततपासणीची चिठ्ठी कापडी पिशवीत, फाईलच्या अगदी वर ठेवलेली आहे.