चार वेळा आपटलेली गोळी पाचव्यांदा उठतेय

(हातात लॅबचा रिपोर्ट)

हा आमच्या मामांचा लिपिड प्रोफाइल. एचडीएल ३४, बाजूला खाली जाणारा बाण. मामांचा फोन आला, "अरे, चांगलं कोलेस्टेरॉल वाढवायची गोळी का नाही काढत कुणी?" काढली होती मामा, चार वेळा. आज पाचवीबद्दल बोलू. नाव ओबिसेट्रापिब.

आणि मामा काही एकटे नाहीत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत, ज्यात महाराष्ट्रही होता, सुमारे ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं.

रक्तात सीईटीपी नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं काम हमालाचं. एचडीएलच्या टेम्पोतलं कोलेस्टेरॉल उचलायचं आणि एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, टेम्पोत चढवायचं. या गोळ्यांनी हमालाला घरी बसवलं की एचडीएल वाढतं आणि एलडीएल उतरतं. कागदावर याहून देखणं औषध नाही.

फायझरलाही तसंच वाटलं. टॉरसेट्रापिबवर त्यांनी सुमारे ८० कोटी डॉलर ओतले, १५,००० रुग्णांची चाचणी लावली. एचडीएल ७२ टक्के वर, एलडीएल २५ टक्के खाली. रिपोर्ट बघून कुणीही पेढे वाटले असते. आणि २ डिसेंबर २००६ ला चाचणी तडकाफडकी बंद! दोन्ही गटांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायची नेहमीची गोळी, चालूच होतं. त्यावर ही गोळी घेणाऱ्यांत ८२ मृत्यू, न घेणाऱ्यांत ५१. या रेणूने रक्तदाब वाढत होता, अल्डोस्टेरॉन हे शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणारं हार्मोनही वाढत होतं. म्हणजे खोट हमालाला घरी बसवण्यातच होती असं नाही, ती बरीचशी या रेणूची स्वतःची होती. पण बदनाम झालं अख्खं घराणं.

पुढचे दोघे पटकन. रोशचं डॅलसेट्रापिब २०१२ मध्ये थांबलं. लिलीच्या इव्हासेट्रापिबने एचडीएल दुपटीच्याही वर नेलं, पण १२,००० रुग्णांत हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. २०१५ मध्ये तेही संपलं. मामा, तुमचा तो बाण नुसता वर करून भागत नाही, हे इथे कळलं.

चौथं मर्कचं अ‍ॅनासेट्रापिब. ३०,००० रुग्ण, ४ वर्षं. २०१७ मध्ये निकाल आला आणि गंमत म्हणजे गोळी चालली! हृदयाच्या मोठ्या घटना ११.८ टक्क्यांवरून १०.८ वर आल्या. शंभरात एका माणसाची अशी घटना टळली, तीही एलडीएल उतरल्यामुळे, असंच हिशोब सांगतो. पण औषध चरबीत साठून राहायचं. मर्कने परवानगीचा अर्जच केला नाही.

आता ओबिसेट्रापिब. रेणू मूळचा जपानच्या मित्सुबिशी तानाबेचा. मधे अ‍ॅमजेनकडे गेला, तिथेही टाकून दिला गेला. आता नेदरलँड्सच्या न्यूअ‍ॅमस्टरडॅम फार्माकडे आहे. रोज १० मिलिग्रॅमची गोळी, इंजेक्शन नाही. ब्रॉडवे चाचणीत २,५३० रुग्ण होते. १२ आठवड्यांनी एलडीएलमध्ये प्लासिबोच्या (औषध नसलेल्या गोळीच्या) तुलनेत सुमारे ३३ टक्क्यांची घट झाली. या वेळी कंपनी एचडीएलचा ढोल वाजवत नाही, एलडीएलवर बोलते. शहाणपण आलंय म्हणा.

परवानगी मिळेल का? युरोपात २०२५ मध्ये अर्ज तपासणीला घेतला गेला. नुसत्या एलडीएलवर दार उघडतं, हेही खरं. बेम्पेडोइक अ‍ॅसिड या एलडीएल उतरवणाऱ्या दुसऱ्या गोळीला अमेरिकेत २०२० मध्ये तशीच परवानगी मिळाली, हृदयाचा निकाल २०२३ मध्ये आला. पण त्याच्या घराण्यात टॉरसेट्रापिब नव्हतं. त्यामुळे माझ्या मते युरोपात वाट सोपी आहे आणि डॉक्टरांनी मनापासून लिहून देण्याची सगळी भिस्त प्रीव्हेलवर, म्हणजे हार्ट अटॅक आणि मृत्यू मोजणाऱ्या ओबिसेट्रापिबच्या मोठ्या चाचणीवर. ९,५०० च्या वर रुग्ण, आणि कंपनीने निकालासाठी सांगितलेला मुहूर्त २०२६ च्या अखेरचा. त्यात स्पर्धा आहेच. मर्कच्याच एनलिसिटाइड नावाच्या नव्या गोळीने चाचण्यांत एलडीएल निम्म्याहून जास्त उतरवलंय.

मामा, तोवर तुमची स्टॅटिन चालू ठेवा, बंद करायची तर डॉक्टरांना विचारून.

प्रीव्हेलचा निकाल येईल तेव्हा मथळ्यात एलडीएलचे टक्के झळकतील. मी मात्र आधी मृत्यूंची ओळ शोधणार. ८२ आणि ५१ तिथेच होते.