क्लॅम्प नाही? दोन पाचरी पुरतात

नमस्कार मंडळी. जांबोटीजवळच्या आमच्या घरातून बोलतोय. पाऊस पत्र्यावर वाजतोय, तेव्हा आवाज जरा वाढवून ऐका.

(तीन फळ्या समोर धरून) ह्या फणसाच्या फळ्या. परड्यातलं झाड वादळात पडलं, त्याच्या पाडून घेतल्या. इंचभर जाडीला वर्षभर वाळवण, असा साधारण हिशोब असतो. मी दोन वर्षं ठेवल्या. आता पुतणीला अभ्यासाचं टेबल करायचंय. तिन्ही फळ्या कडेला कड लावून चिकटवल्या की दोन फुटांचा फळा होतो. कडा रंध्यानं जुळवल्यात, फेविकॉल आहे, पण लांब क्लॅम्प नाही. तेवढ्यासाठी ह्या पावसात बेळगाव गाठायचं म्हणजे दिवस मोडला.

माझे आज्जा सुतार. हत्यार नाही म्हणून मी बसून राहिलो की विचारायचे, "ते हत्यार करतंय काय, ते सांग बघू आधी." क्लॅम्प काय करतो? दोन्हीकडनं दाबतो आणि दिलेला दाब सोडत नाही. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर तेच करते की.

हा खालचा फळा म्हणजे जुनं दार. त्यावर दोन पट्ट्या स्क्रूनं पक्क्या केल्या, अगदी समांतर. मधली जागा फळ्यांच्या रुंदीपेक्षा दोन इंच जास्त, पाचरींसाठी. खाली दुधाच्या पिशव्या कापून पसरल्यात. हे विसरू नका, नाहीतर टेबल दारालाच चिकटेल.

आता पाचरी. एकच पट्टी तिरकी कापून दोन करा, म्हणजे दोघींचा उतार आपोआप सारखा येतो. 10 सेंटिमीटर लांबीला 1 सेंटिमीटर उतार ठेवा. म्हणजे पाचर 10 मिलिमीटर आत गेली की फळ्या 1 मिलिमीटर आवळतात. उतार जास्त ठेवलात तर ठोकलेली पाचर मागं सरकते, कारण तिला धरून ठेवतं ते फक्त घर्षण. मी ऐनाच्या केल्यात. कन्नडमध्ये ऐनाला मत्ती म्हणतात, इकडं दोन्ही नावं चालतात. लाकूड कठीण हवं, ठोकून चेपता कामा नये.

दोन पाचरी उलट्या तोंडानं लावायच्या, एकीचं बारीक टोक दुसरीच्या जाड टोकाकडं. अशा तीन जोड्या. पाचर आणि फळी यांच्यात एक रद्दी पट्टी ठेवा, म्हणजे टेबलाच्या कडेला मार लागत नाही. मग एक ठोका इकडनं, एक तिकडनं. बाजूनं दाब आला की फळ्या मधून वर उचलतात, म्हणून आडवं लाकूड टाकून त्यावर हे जांभ्याचे दोन चिरे ठेवले. सांध्यावर फेविकॉलचे बारीक मणी दिसले की थांबायचं. आणखी ठोकलं तर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. माझा पहिला पाट असाच उकलला होता.

खुर्चीचे पाय आवळायचे असतील तर पाचर बसत नाही. तिथं सुतळीचे चार वेढे घ्या, मधे काठी घालून पीळ द्या, काठी अडकवून ठेवा. कोपऱ्यांवर फडक्याची घडी घाला, नाहीतर सुतळी लाकडात रुतते. गुण्या नसेल तर एका कडेवर 30 सेंटिमीटर, दुसरीवर 40 मोजा. तिरकं अंतर बरोबर 50 आलं की कोपरा काटकोनात. भोक किती खोल हवं तेवढ्यावर ड्रिलच्या बिटाला चिकटपट्टी गुंडाळा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. करवत नाही म्हणून ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावू नका. ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांच्या वर फिरतो. दाता लाकडात अडकला की मशीन हातातून उसळतं, आणि पातं बसावं म्हणून लोक गार्ड आधीच काढून टाकतात. माझ्या चुलत भावाची दोन बोटं अशीच गेली. तिथं जुगाड नकोच. शेजारची हातकरवत मागून आणा, वेळ लागू दे.

(आवळलेल्या फळ्यांकडं वळून) हे काल संध्याकाळी आवळलं होतं. पावसाळ्यात फेविकॉल सावकाश वाळतो, म्हणून रात्रभर हात लावला नाही. पाचरीच्या बारीक टोकावर ठोकतो... सुटली. (सांध्यावर नख फिरवत) इथं अडकत नाही. इथं जरासं लागतंय. एवढं रंध्यानं निघेल.