पॅनेलचे दार बंद राहावे म्हणून

(बडोद्यातील मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून थेट इथे आलेल्या मित्रांनो,

विद्युत पॅनेल, म्हणजे विजेची उपकरणे बसवलेले पत्र्याचे कपाट, थंड ठेवण्यासाठी जे सुटे, काढता-घालता येणारे वायुवीजन-घटक मिळतात, ज्यांना आपण बाजारात नुसते ‘फिल्टर फॅन’ म्हणतो, त्यांच्याविषयी बोलण्याचे मी कबूल केले आहे, आणि त्यांचा आकार ठरवण्याचे गणितही सांगेन असे निमंत्रणात छापले आहे. ते गणित मी सांगणारच आहे. त्याआधी एक विनंती आहे. ज्यांच्या कारखान्यात गेल्या मे महिन्यात एका तरी पॅनेलचे दार उघडे होते आणि समोर पेडेस्टल पंखा लावलेला होता, त्यांनी कृपया हात वर करावेत.

निम्म्याहून अधिक हात वर आले आहेत, आणि आपण एकमेकांकडे पाहून हसतही आहात. या प्रामाणिकपणाबद्दल मी आपले आभार मानतो, कारण आजचा माझा सगळा विषय त्या उघड्या दारापाशी उभा आहे.

हे गाव साधे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले, तेव्हापासून यंत्रविद्या शिकण्यासाठी माणसे इथे येत आहेत. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर, म्हणजे वीज जोडण्या-तोडण्याची उपकरणे, यांच्यासाठी बडोद्याचे नाव देशभर घेतले जाते. १९७४ साली स्थापन झालेली ‘एर्डा’ ही विद्युत संशोधन संस्था आपल्या मकरपुऱ्यातच आहे. तापमानवाढीच्या चाचणीत पॅनेलमधून त्याच्यासाठी ठरवलेला पूर्ण प्रवाह तासन् तास वाहू देतात आणि प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक टर्मिनलवर संवेदक लावून तापमान नोंदवतात. ही चाचणी दार बंद ठेवून होते. पॅनेल त्या परीक्षेत उत्तीर्ण व्हावे, आणि कारखान्यात आल्यावर मात्र त्याचे दार चार महिने उघडे राहावे, याचे मला मनापासून दुःख होते.

दार का उघडते, तर उष्णता बाहेर जात नाही म्हणून. कमी विद्युतदाबाच्या (लो व्होल्टेज) पॅनेलसाठी आपण जे ६१४३९ क्रमांकाचे मानक पाळतो, त्यात इमारतीच्या आत बसवलेल्या पॅनेलभोवतीची हवा जास्तीत जास्त ४० अंश आणि चोवीस तासांची सरासरी ३५ अंशांपेक्षा जास्त नसावी, असे गृहीत धरले आहे. बडोद्याचा मे महिना हे गृहीतक पाळत नाही. बाहेर पारा ४२-४३ वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये भट्ट्या किंवा एक्स्ट्रूडर (प्लॅस्टिक वितळवून साच्यातून दाबून काढणारी यंत्रे) चालू असतील तर त्याहून वर. मानकात यासाठी वाट ठेवलेली आहे: परिस्थिती वेगळी असेल तर खरेदीदाराने ती पॅनेल बनवणाऱ्याला कळवावी आणि दोघांनी मिळून ठरवावे. आपण ते कळवत नाही. खरेदीपत्रात ब्रेकरसाठी तीन पाने असतात, बसबारच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्यांच्या, तांब्याची शुद्धता लिहिलेली असते, आणि हवेसाठी एक ओळ असते: ‘योग्य पंखा व झरोके बसवावेत.’ या एका ओळीने मला नोकरीत जेवढा त्रास दिला, तेवढा कुठल्याही शॉर्टसर्किटने दिलेला नाही.

मी पूर्वी एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळत होतो. पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने घेतलेली अकरा पॅनेले होती, बहुतेक वेगवेगळ्या कारागिरांकडून आलेली. त्यातल्या एका पॅनेलमध्ये एक्स्ट्रूडरचा २२ किलोवॅटचा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, होता. मे महिन्यात रोज दुपारी दोनच्या सुमारास तो तापमान वाढल्याचा इशारा देऊन बंद पडायचा. पाळीवरच्या इलेक्ट्रिशियनने दार उघडले, पंखा आणून ठेवला आणि यंत्र सुरू झाले. त्याने चूक केली असे मी आजही म्हणणार नाही. उत्पादन थांबलेले असताना त्याच्या हातात तेवढेच होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात ड्राइव्ह दार उघडे असतानाही बंद पडू लागला. पंखा वाऱ्याबरोबर शेडमधली धूळ आणि प्लॅस्टिकची भुकटी आत भरत होता, आणि ड्राइव्हची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीट सिंकच्या पात्यांवर तिचा नमद्यासारखा थर बसला होता. मग दुसरा पंखा आला. हे पंखे म्हणजे त्या कोपऱ्यातला एकमेव वारा होता, म्हणून दुपारच्या पाळीतला मदतनीस आपले स्टूल तिथेच सरकवून बसू लागला, उघड्या ४१५ व्होल्टपासून हातभर अंतरावर. मी त्याला दोनदा उठवले. तिसऱ्यांदा उठवले नाही, कारण त्या शेडमध्ये त्याला बसायला दुसरी जागा मी देऊ शकत नव्हतो. ही गोष्ट मला अजून टोचते.

जूनच्या पहिल्या पावसात हवेतला ओलावा त्या धुळीच्या थराने शोषला, आणि एका रात्री दोन फेजांच्या टर्मिनलमध्ये ठिणगी पडून अर्धे पॅनेल काळे झाले. मदतनीस दहा मिनिटांपूर्वी चहाला गेला होता. कुणाला इजा झाली नाही.

आता तक्रारीचा मूळ भाग सांगतो. त्या पॅनेलला स्वतःचा पंखा होता. तो छतात होता आणि दोन वर्षांपासून बंद होता. तो आतून चार स्क्रू-नटांनी बसवलेला होता, आणि नटांपर्यंत हात पोहोचवायचा तर बसबारवरून न्यावा लागे. म्हणजे एका छोट्या पंख्यासाठी संपूर्ण शटडाउन. उत्पादन विभाग शटडाउन देत नव्हता. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत तो मिळाला, तर आणलेला पंखा भोकात बसेना. मी सगळी पॅनेले मोजली, तेव्हा अकरा पॅनेलांत सहा मापांची भोके निघाली. फिटरने जिगसॉ लावून भोक मोठे केले आणि लोखंडाचा कीस खालच्या कॉन्टॅक्टरांवर (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचांवर) पडला. तो वेचण्यात सुट्टीचा दुसरा दिवस गेला. पंखा वाईट नव्हता आणि फिटरही वाईट नव्हता. पंखा बदलावा लागेल हा विचारच त्या पॅनेलच्या आखणीत कुणी केलेला नव्हता.

माझे आज एकच म्हणणे आहे. पॅनेलमध्ये सर्वांत आधी झिजणारी वस्तू पंखा ही असते आणि सर्वांत आधी तुंबणारी वस्तू गाळणी ही असते. म्हणून हे दोन भाग पॅनेलच्या बाहेरून, दार न उघडता, वीज न तोडता, हत्याराशिवाय किंवा एका स्क्रूड्रायव्हरने बदलता आले पाहिजेत, आणि कारखान्यातल्या सगळ्या पॅनेलांना त्यांची मापे शक्य तितकी सारखी असली पाहिजेत. हे घटक यासाठीच बनवले आहेत. पत्र्यात ठरलेल्या मापाचे चौकोनी भोक, साधारण १२५, १७७ किंवा २२३ मिलिमीटरचे. त्यात खटक्यांनी अडकणारी चौकट. चौकटीवर बाहेरून उघडणारी तिरप्या पट्ट्यांची जाळी. जाळीमागे गाळणीची चटई. आणि चटईमागे पंखा. त्याच मापाच्या भोकात पंख्याशिवायचा घटकही बसतो, तो हवा बाहेर जाण्याचा मार्ग. चटई बदलायला अर्धे मिनिट पुरते. ज्या घटकांत पंखाही पुढूनच निघतो ते थोडे महाग पडतात. घेताना तेच निवडा. पुढे यंत्राचा भार वाढला, तर आधीच कापून झाकणाने बंद ठेवलेल्या दुसऱ्या भोकात आणखी एक घटक बसवता येतो. नवे भोक पाडावे लागत नाही आणि कीस पडत नाही.

यावर नेहमी एक प्रश्न येतो, तो इथे आधीच घेतो: पंखा खाली लावून हवा आत ढकलावी, की वर लावून बाहेर ओढावी? आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात चुलीवर धुराडे असे आणि हवा दाराखालून येई; गरम हवा वर जाते हे आपल्याला तिथूनच ठाऊक आहे, आणि म्हणून बहुतेक जण पंखा छतात लावून ओढतात. पण ओढणाऱ्या पंख्यामुळे पॅनेलमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, आणि मग केबलच्या मोकळ्या ग्लँडमधून (केबल आत येण्याच्या तोंडातून), दाराच्या सैल रबरातून, तळाच्या प्लेटच्या फटीतून न गाळलेली हवा आत शिरते. खाली पंखा लावून गाळलेली हवा आत ढकलली, तर आतला दाब किंचित जास्त राहतो आणि त्या सगळ्या फटींतून हवा बाहेरच जाते. धुळीच्या जागी म्हणूनच मी ढकलण्याच्या बाजूने आहे. शिवाय पंख्यातून थंड हवा जाते, त्यामुळे त्याच्या बेअरिंगचे आयुष्यही वाढते.

बाहेर जाण्याचा मार्ग मात्र विसरू नका. एका पॅनेलमध्ये पंखा उत्तम फिरत होता, पण वरच्या जाळीवर आतून नकाशांची प्लॅस्टिकची पिशवी चिकटवलेली होती. वारा आत येऊन तिथल्या तिथे घुटमळत होता. बाहेरच्या मार्गाचे क्षेत्रफळ आतल्याइतके तरी ठेवा, जमल्यास जास्त. दोन्ही मार्ग तिरपे समोरासमोर ठेवा. आणि ड्राइव्हच्या वर-खाली उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा वायरिंगच्या डक्टने भरू देऊ नका.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे की आठ मिनिटे उरली आहेत. म्हणून गणित आता भराभर सांगतो. कागद काढून ठेवा.

सूत्र असे: लागणारी हवा, ताशी घनमीटरमध्ये, बरोबर ३.१ गुणिले आतली उष्णता वॅटमध्ये, भागिले आतले कमाल तापमान वजा बाहेरचे तापमान. हे ३.१ समुद्रसपाटीजवळचे आहे आणि बडोद्याला चालते; आपले इंदूरचे नातेवाईक विचारतील तर त्यांना ३.३ ते ३.४ सांगा, कारण तिथे उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि हवा विरळ आहे.

आपला २२ किलोवॅटचा ड्राइव्ह घ्या. सुमारे तीन टक्के शक्ती उष्णता होऊन आत सांडते, म्हणजे ६६० वॅट. पॉवर सप्लाय व कॉन्टॅक्टर धरून ७०० म्हणू. आत ५० अंश चालतील असे ठरवले आणि शेडमध्ये ४० असतील, तर ३.१ गुणिले ७०० भागिले १०, म्हणजे ताशी २१७ घनमीटर. शेड ४४ झाली तर फरक ६ उरतो आणि ३६२ लागतात. शेड ४६ झाली तर ५४२. फक्त सहा अंशांत गरज अडीचपट झाली, हे लक्षात घ्या. पॅनेलच्या पत्र्यातूनही थोडी उष्णता जाते, दर चौरस मीटरला दर अंशामागे सुमारे साडेपाच वॅट. मी ती वजा करत नाही, राखीव ठेवतो. आणि माहितीपत्रकातला मोकळ्या वाऱ्याचा आकडा पाहू नका; गाळणी आणि बाहेरची जाळी लावून मिळणारा आकडा पाहा, आणि चटई मळेल म्हणून त्यावर चांगली वाढ धरा. ड्राइव्हचेही पाहा: बऱ्याच ड्राइव्हची पूर्ण क्षमता ४० अंशांपर्यंतच असते आणि पुढे दर अंशाला साधारण एक टक्का कमी होते, म्हणून ५० अंशांवर चालवायचा असेल तर एक माप मोठा घ्यावा लागू शकतो. ड्राइव्हमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तर दर दहा अंशांना साधारण निम्मे होते.

यातून मर्यादाही दिसते. बाहेरची हवा आत चालणाऱ्या तापमानाइतकीच गरम असेल, तर भागाकार शून्याने येतो आणि कितीही पंखे लावले तरी उपयोग नाही. तिथे पॅनेलचा एअर कंडिशनर किंवा पाण्यावर चालणारा उष्णता-विनिमयकच हवा. रिफायनरीच्या बाजूला, जिथे हवेत गंजवणारे वायू असतात, तिथेही बाहेरची हवा आत घेऊच नका.

दोन गोष्टी राहिल्या. ठरलेल्या तापमानाला पंखा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट साधारण ३५ अंशांवर लावा, म्हणजे पावसाळी रात्री पंखा विनाकारण ओली हवा आत ओढणार नाही. आणि थर्मोस्टॅट विकत घेताना रंग पाहा: छोट्या थर्मोस्टॅटमध्ये बहुधा निळी कळ पंख्यासाठी असते आणि लाल कळ हीटरसाठी. लाल लावून ठेवल्याने गार हवेत फिरणारे आणि उन्हात थांबणारे पंखे मी स्वतः पाहिले आहेत. चटई धुतली तर पूर्ण वाळवूनच बसवा, आणि ती बदलण्याची तारीख जाळीशेजारी पत्र्यावर लिहा, वहीत नको.

वेळ संपली. टेबलावर १७७ मिलिमीटरच्या भोकाचा पत्रा आणि एक घटक ठेवला आहे. जाताना प्रत्येकाने तो एकदा काढून पुन्हा बसवून पाहावा. जाळीच्या खालच्या कडेला खाच आहे, तिथे स्क्रूड्रायव्हर घाला. बाकीचे आपोआप कळेल. जे विद्यार्थी पहिल्यांदाच हात लावणार आहेत, त्यांना आधी जाऊ द्या.